बाहेरच्या खोलीतले शिपाई

निपाणी, १३ जानेवारी १९८५, रविवार

पाच-सहा महिने काही लिहिलं नाही. माफी मागायची तर कुणाची, वाचणारा मीच. तरी ओशाळल्यासारखं वाटतंय. लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं म्हणणं खोटं होईल. खरं कारण असं की लिहायला बसलो की मी स्वतःची वकिली करतोय असं वाटू लागायचं, म्हणून थांबलो.

आज पुन्हा वही काढली ती पत्रक आलं म्हणून. नवी वही आहे, कधी कुणाच्या हाती पडली तर वेड्याची वाटू नये, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि भीमसेन ड्रॉइंग. बरीच वर्षं आम्ही दोघं टेबलावर लढाया मांडतो. प्लायवुडचं मोठं टेबल, भुशाच्या टेकड्या, बोटाच्या पेराएवढे शिशाचे शिपाई. कोण किती सरकणार ते फूटपट्टीनं ठरतं, कोण मरणार ते फाशांनी. आई याला ‘दोन घोड्यांचा भातुकलीचा खेळ’ म्हणते. इंग्लंडातली एक कंपनी असे शिपाई विकते. तिला मी एकदा शंका विचारायला पत्र लिहिलं होतं, तेव्हापासून ती बिचारी आपल्या आगामी संचांचं पत्रक पाठवत राहिली आहे. परदेशातून मागवणं आम्हाला जमणारं नाही. आम्ही फक्त वाचतो, भांडतो, आणि मग आपले आपण ओततो. पत्रक जहाजानं येतं. ‘आगामी’ म्हणून आम्ही जे वाचतो ते तिकडे कधीच दुकानात आलेलं असतं.

या खेपेचं पहिलं पान पाहून मन विटलं. शिंगवाले राक्षस, बुटके, दातवाले. इतिहास मागच्या पानांवर ढकललाय. फ्रेंच घोडदळ नव्यानं काढणार आहेत, त्याची मला आता उत्सुकता नाही. भीमसेननं पत्रक उलटं धरून शेवटचं पान वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“अण्णा, हे बघा. आपण आलो.”

“कुठं?”

“यादीत.”

शेवटच्या चौकटीत होतं: पुढल्या वसंतात, हिंदुस्थानातल्या लढाया. मराठा घोडदळ, अरब पायदळ, आणि १८१८ सालची मुंबईची देशी पलटण. शेजारी पेन्सिलीचं चित्र. मराठा स्वाराला त्यांनी तुर्काचं पागोटं दिलंय. मी त्यावर बराच वेळ चिडलो. भीमसेन पलटणीच्या चित्राकडे बघत होता. म्हणाला, “सगळ्यास्नी एकच तोंड काढलंय.”

मग ठरलं. त्यांचा संच बाजारात यायच्या आत आपला उभा करायचा. कोरेगावची लढाई, आणि मांडायची पुढल्या एक जानेवारीला.


२७ जानेवारी

बेळगावला जाऊन आलो. परशराम म्हणून माझा कॉलेजातला मित्र आहे, त्याचा छापखाना बंद झालाय. छपाईच्या अक्षरांचे झिजलेले खिळे त्यानं पोत्यात भरून दिले. खिळ्यांचा धातू साध्या शिशापेक्षा कडक असतो, नाक-डोळे स्वच्छ उठतात. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून लांब दांड्याची पळी आणली.

संध्याकाळी पहिला घाणा केला. अक्षरं आधी काळी पडतात, मग कडेनं गोल होतात, मग एकदम ओळखू येईनाशी होतात. ‘ळ’ची एक मूठ टाकताना भीमसेन म्हणाला, “एवढी अक्षरं कशाला, अण्णा, एका शिपायाला?” मी म्हणालो, डोकं जड पाहिजे ना. तो हसला.

सरकार आता शाळांत कन्नडचं काय करणार यावर स्टाफरूममध्ये रोज वाद चालतो. मराठी खिळे वितळवताना मला उगाच अपराधी वाटलं. झिजलेले होते, परशरामनं आपणहून दिले, तरी.


१० फेब्रुवारी

आज माझ्या हातून एक चूक झाली. नीट लिहून ठेवतो.

कोण कुठली बाजू घेणार हे बोलत होतो. मी सहज म्हणालो, “पलटण तुझी, हे ठरलेलंच आहे.” भीमसेन कानस मारत होता. साच्याच्या दोन भागांमधून धातूची जी कड निघते ती तो घासतो, माझा हात तेवढा हलका नाही. कानस न थांबवता म्हणाला, “का बरं?”

मी गडबडलो. म्हणजे, तुमच्या लोकांचा पराक्रम, त्या अर्थानं, असं काहीतरी बोललो.

“मला पेशव्याचं घोडदळ द्या,” तो म्हणाला. “जलमभर हिकडनंच बघतोय. एकदा तिकडनं कसं दिसतंय बघू.”

हसून म्हणाला, पण मला लागलं. त्याची बाजू त्याच्या जन्मावरून मी ठरवून टाकली, तीही विचारल्याशिवाय. एम.ए. करून, वर्गात समतेवर तासभर बोलून, आत हे शिल्लक आहेच. रात्री झोप लागली नाही.


३ मार्च

काम छान चाललंय. आमच्या संध्याकाळी कशा असतात ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण आयुष्यात याहून बरं काही माझ्या वाट्याला आलेलं नाही.

बाहेरची खोली म्हणजे वडिलांच्या वेळची जर्द्याची कोठी. आता तंबाखू नाही, वास आहे. तिला अंगणातून दार आहे. भीमसेन सायकल लावतो तोवर माझं जेवण झालेलं असतं. आम्ही जैन. आईपायी मी दिवस मावळायच्या आत जेवतो, नंतर पाणीसुद्धा घेत नाही. स्वयंपाकघर त्यानंतर बंद. म्हणून माझी बायको तारामती भीमसेनची भाकरी-भाजी उजेड असतानाच बाहेर आणून ठेवते, टेबलाच्या टोकाला, फडक्यानं झाकून. तो काम उरकून सावकाश जेवतो. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात शिपाई धरून कड राहिली का बघतो.

ताटही तो स्वतःचं घेऊन आलाय, फार पूर्वी, शेवंताबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, दुकानात नाव घालून घेतलेलं. “वहिनींना तरास नको,” म्हणाला होता. जेवण झालं की अंगणातल्या नळावर स्वतः घासतो आणि खोलीतल्या फळीवर, साच्यांशेजारी, पालथं घालतो. असा संकोची माणूस. मला अजून ‘तुम्ही’ म्हणतो. किती वेळा सांगितलं.

आमच्या घरात त्याला कधी कुणी वावगं बोललेलं नाही. आईही नाही. हे मी अभिमानानं लिहितो.


२८ एप्रिल

पलटण ओतून झाली. भीमसेननं हट्ट धरलाय की प्रत्येक शिपायाचं तोंड वेगळं पाहिजे. साचा एकच, पण तो कोरून, घासून प्रत्येकाला निराळा करतो. एकाचं नाक बसकं, एकाला मिशी नाही, एक म्हातारा. घासताना पांढुरकी पूड पडते ती फुंकून टाकतो. रंगवताना ब्रशचं टोक ओठांनी ओलं करून अणकुचीदार करतो, त्याशिवाय डोळा येत नाही म्हणतो.

आज भाकरी अर्धी टाकली. तारामतीनं मला आत विचारलं, “भाजी खारट झाली काय?” मी भीमसेनला विचारलं. म्हणाला, तोंडाला चव नाही, सगळं गोडूस लागतंय, पोटातही पीळ पडल्यासारखं होतंय. ऊन फार आहे यंदा.


१६ जून

नवं पत्रक. ‘हिंदुस्थानातल्या लढाया’ वसंतातून शरदात गेल्या. कारण दिलेलं नाही. बुटक्यांचा मात्र दुसरा संच आलाय, त्यांच्या तोफेसकट. इतिहासातल्या माणसांना थांबायला सांगायचं आणि नसलेल्यांना तोफा द्यायच्या. मी भीमसेनला हे म्हणून दाखवलं. वाटलं होतं हसेल. तो म्हणाला, “आमास्नी सवय हाय थांबायची,” आणि हातातला शिपाई टेबलावर असा आपटला की संगीन मोडली.

तो असा नव्हता. आल्यापासून गप्प असतो, मधेच चिडतो, काल सांगितलेलं विसरतो. फेब्रुवारीतलं माझं वाक्य त्याच्या मनात रुतून बसलंय याची मला आता खात्री वाटते. भाकरी टाकतो तीही त्यामुळंच असेल. माणूस रागावला की आधी अन्नावर रुसतो. मी त्याला ‘तुमचे लोक’ म्हणालो. इतक्या वर्षांत प्रथमच म्हणालो, की पहिल्यापासून तसंच वागत होतो आणि तेव्हा फक्त बोललो?

मी आठवून आठवून पाहिलं. वागण्यात तसं काही दिसत नाही.


११ ऑगस्ट

शाळेत वाईट झालं. फळ्यावर वर्तुळ काढताना भीमसेनच्या हातातून खडू पडला. उचलला, पुन्हा पडला. तो हातानं, बिनकंपासचं, पूर्ण वर्तुळ काढतो, पोरं त्यासाठी त्याला मानतात. मागून कुणी तरी हसलं. भीमसेननं त्या पोराला मारलं. ज्यानं कधी कुणाला टपली मारली नाही त्यानं मारलं, तेही डाव्या हातानं.

हेडमास्तर मला म्हणाले, “मगदूम, तुमचा दोस्त संध्याकाळचं काही घेतो काय?” मी रागावून नाही म्हणालो. मग घरी येताना स्वतःलाच विचारलं, मला नक्की माहीत आहे काय? विचारलं याचीच शरम वाटली.


८ सप्टेंबर

आज धीर करून सरळ विचारलं. तो रंगवत होता. उजवं मनगट खाली लोंबतं, म्हणून डाव्या हातानं त्याला टेकू देऊन ब्रश ओठांकडे नेत होता.

म्हणालो, “भीमसेन, फेब्रुवारीत मी जे बोललो त्याचं तुला दुःख असेल तर माफी मागतो.”

“काय बोललावता?”

सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “अण्णा, पोट दुखतंय माझं. इतिहास न्हाय दुखत.”

“तसं नव्हे, मनातून…”

“मनातनं काय बी न्हाय. तुमी लई इचार करता. डॉक्टर म्हणतोय नस दाबलीया, टॉनिक दिलंय. ह्यो म्हातारा शिपाई तेवढा बघा, डोळा जमलाय काय?”

जमला नव्हता. डाग पडला होता. मी जमलाय म्हणालो. तोही खोटेपणाच.

माझ्यावरचं ओझं उतरलं, हे मात्र खरं. त्याच्या मनात काही नाही. उशिरापर्यंत काम केलं. मी शेवटचे अरब ओतले. तारामतीनं शेंगदाण्याची चटणी दिली होती, ती आवडते म्हणून तो थोडं जेवला.


१७ नोव्हेंबर

मिरजेहून आताच आलो. क्रमानं लिहितो, नाहीतर सुटेल.

गुरुवारी वर्गात भीमसेनला झटका आला. खाली पडला, दात वाजले, तोंडाला फेस. जीप करून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. मी आणि शेवंताबाई. काल शुद्धीवर आला. आज मोठ्या डॉक्टरांनी त्याचा ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या आणि मला जवळ बोलावलं. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी.

“छापखान्यात आहात काय?” त्यांनी त्याला विचारलं.

“न्हाय.”

“बॅटरीच्या कारखान्यात?”

“ड्रॉइंग मास्तर हाय मी.”

मी म्हणालो, “आम्ही शिसं वितळवतो. छंद म्हणून.”

डॉक्टरांनी माझ्याही हिरड्या पाहिल्या. मनगट वर उचलायला लावलं, रक्त घेतलं, सुई टोचून पाहिली. माझ्यात रेघही नाही, अशक्तपणाही नाही. त्यांना ते पटेना. “वितळवता तुम्ही?”

“हो.”

“आणि हे?”

“तो घासतो. रंगवतो.”

“खोली एकच?”

“एकच.”

“खाणंपिणं?”

“मी आत जेवतो. दिवस मावळायच्या आत.”

भीमसेन पडल्या पडल्या म्हणाला, “मी तिथंच जेवतो, साहेब. त्याच टेबलावर.”

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि सांगितलं की शिसं बहुतेक हातातोंडातून, अन्नातून जातं. अन्न उघड्यावर असेल, पूड बसत असेल, तर रोज थोडं थोडं. ब्रशचंही विचारलं. औषध आहे, त्यानं अंगातलं निघेल. हाताचं मात्र सांगता येत नाही. येईल थोडा, किंवा नाही येणार.

शेवंताबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, खोकला आहे. त्यांनी मला विचारलं, “आत बसून जेवत न्हवता काय त्यो?”

मी म्हणालो, “बाहेरच्या खोलीत. सोयीचं पडायचं.”

“मला वाटायचं आत,” त्या म्हणाल्या.


१८ नोव्हेंबर

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बघ, व्रतानं राखलं तुला. तुझ्या वडिलांची पुण्याई रं.” आणि देवाला हात जोडले.

तारामती भांडी लावत होती. हातातला तांब्या तिनं जरा जोरात ठेवला.

व्रतानं राखलं हे एका अर्थी बरोबरच आहे. माझं अन्न त्या खोलीत कधी गेलं नाही. त्याचं रोज जायचं. फडकं पातळ होतं आणि कानस त्याच टेबलावर चालायची. इथपर्यंत सरळ आहे. यापुढचं एक वाक्य मनात आलं, ते लिहायला घेतलं आणि खोडलं. पुन्हा वकिली होईल अशी भीती वाटली. की याच वेळी वकिली झाली नसती म्हणून भीती वाटली, ते कळत नाही.


२२ डिसेंबर

भीमसेन घरी आलाय. पाहायला गेलो. अंगानं निम्मा झालाय. उजवा पंजा मांडीवर पडून असतो, दुसऱ्याचा ठेवल्यासारखा. शाळेनं जानेवारीपासून बदली ड्रॉइंग मास्तर घेतलाय. पुढे काय ते शाळेनं लिहून दिलेलं नाही, सगळ्यांना माहीत आहे.

नेमकं काल नवं पत्रक आलं होतं. न्यावं की नको असा खूप विचार केला, शेवटी नेलं. ‘हिंदुस्थानातल्या लढाया’ रद्द. पुरेशी मागणी दिसत नाही म्हणून. त्या चौकटीत आता दलदलीतले राक्षस आहेत, अगोदर नोंदवणाऱ्यांना एक राक्षस फुकट.

भीमसेननं डाव्या हातानं पत्रक धरून वाचलं.

“म्हंजे आपलीच तेवढी झाली,” तो म्हणाला.

“कुठं झाली? अजून म्हाताऱ्याचे डोळे राहिलेत, घोडदळ कोरंच आहे.”

“तोंडं झाल्याती. तोंडं म्हत्त्वाची.” मग म्हणाला, “एक तारखेला मांडणार व्हय?”

मी नाही म्हणालो. खोलीला कुलूप लावलंय, शिसं पोत्यात बांधून ठेवलंय, ते कुठं टाकावं डॉक्टरांना विचारणार आहे. तो मान हलवत राहिला. म्हणाला, “पेशव्याकडनं बघायचं ऱ्हायलं बघा, अण्णा.”

मला म्हणायचं होतं, बरा हो, मग माझ्या घरी ये, आत बसू. शब्द तोंडाशी आले. आत बसू हे इतक्या वर्षांनी आता म्हणायचं तर आधी कधी का म्हटलं नाही हेही त्याबरोबरच म्हटल्यासारखं होतं. चहा पिऊन उठलो. त्यांच्या घरचा चहा मी पहिल्यापासून पितो. उजेड असेल तर.


१ जानेवारी १९८६, बुधवार

शाळेतून आलो ते शेवंताबाई अंगणात उभ्या. तारामती त्यांना आत या म्हणत होती, त्या नळापाशीच थांबल्या होत्या. आई खिडकीत होती.

“भीमाचं ताट ऱ्हायलंय तुमच्यात,” त्या मला म्हणाल्या. “तेवढं द्या.”

मी म्हणालो, त्यावर शिशाची पूड असेल, ते धोक्याचं आहे, मी नवीन आणून देतो, नाव घालून.

“नवं नको. त्येच्या पैल्या पगाराला मीच नाव घालून घेतलंय त्यावर. पूड हाय तर घासून द्या.”

“घासून देतो,” मी म्हणालो. “उद्या स्वतः घेऊन येतो.”

“भीमा म्हणायचा अण्णांच्या घरात माझं ताट हाय म्हणून,” त्या म्हणाल्या. “लई मिरवायचा.” आणि गेल्या.

तारामती म्हणाली, “मी घासते.” मी नको म्हणालो.

अंधार पडायच्या आत कुलूप काढून खोलीत गेलो. पलटण टेबलावर आहे तशी उभी आहे, प्रत्येकाचं तोंड निराळं. एकाचा चेहरा मला शेवंताबाईंसारखा वाटला, आधी कधी लक्षात आलं नव्हतं. ताट फळीवर पालथं होतं. उचललं तर खाली फळीचा लाकडी रंग स्वच्छ गोल उमटलेला, भोवती सगळी राखाडी पूड. ताटाच्या मागच्या बाजूलाही तीच. काठावर नाव आहे. या घरात ते मी आज पहिल्यांदा हातात घेतलं.

आणखी लिहायचं होतं. नको.

उद्या: भीमसेनचं ताट घासणे.